अकलोलीला गेलेले आवतण

पूर्णा, ता. भिवंडी
७ डिसेंबर २०२५

चि. नेत्रा हिस अनेक आशीर्वाद.

तू तपासायला पाठवलेल्या संगणकाच्या पाठाच्या चौथ्या पानावरील हकीकत चुकीची आहे.

भाषेच्या चुका मी तांबड्या शाईने समासात दाखवल्या आहेत. त्यांविषयी येथे लिहीत नाही. ‘केबलद्वारे जोडले गेलेले असतात’ याऐवजी ‘केबलने जोडतात’ एवढेच लिहिले असतेस, तर आठवीची मुले वाक्याच्या शेवटापर्यंत जागी राहिली असती. प्रश्न हकीकतीचा आहे. तू लिहितेस:

‘एका गावात एका मुलाचे लग्न होते. घरातले आजोबा सगळ्यांच्या मध्यभागी होते. प्रत्येक आवतण त्यांच्याकडूनच जाई. याला स्टार रचना म्हणतात. पण मध्यभागच बिघडला आणि दूरच्या आजींना आवतण गेलेच नाही. त्या दरवर्षीप्रमाणे गायला आल्या नाहीत. ४ मे रोजी हळद गाण्यांवाचून झाली.’

गावाचे नाव गाळले म्हणजे माणसे ओळखू येत नाहीत, अशी तुझी समजूत दिसते. मुलगा तुझा भाऊ मितेश, आजोबा मी आणि आजी म्हणजे अकलोलीची माझी थोरली बहीण ठकुताई. ‘दरवर्षीप्रमाणे’ हे काय आहे? आपल्या घरात दरवर्षी हळद लागते काय? आपल्या प्रत्येक हळदीला ठकुताईने धवले गायले, असे लिही. तारीखही चुकली आहे. हळद ३ मे रोजी होती.

आता मुख्य मुद्दा. तुझ्याच पाठाच्या तिसऱ्या पानावर स्टार रचनेचे लक्षण दिले आहे. प्रत्येक संगणक स्वतंत्र तारेने मधल्या यंत्राला जोडलेला असतो. एखादी तार तुटली तर तेवढा एक संगणक बंद पडतो. मधले यंत्र बिघडले तर सगळेच बंद पडतात. हे लक्षण बरोबर आहे आणि तुझे उदाहरण त्याच्या विरुद्ध आहे. मी मध्यभागी असतो आणि मीच बिघडलो असतो, तर त्या दिवशी मांडवात कोणीही आले नसते. प्रत्यक्षात पाय ठेवायला जागा नव्हती.

तेव्हा मी मध्यभागी नव्हतो. आमची रचना रिंग होती. रिंगमध्ये प्रत्येक संगणक फक्त शेजारच्याला जोडलेला असतो आणि संदेश एकाकडून पुढच्याकडे जातो. मी तुझ्या वडिलांना, जीवनला, सांगितले की, आम्हा भावंडांत धाकट्या लडकूने नेहमीप्रमाणे मुराळी होऊन अकलोलीस जावे आणि ताईला घेऊन यावे. जीवनने वडप्यास जाऊन लडकूस सांगितले. नंतर मला येऊन म्हणाला, ‘झालं.’ यात माझा बिघाड कोठे आहे?

चौथे पान पुन्हा लिहून पाठव.

तुझा आजोबा,
केसरीनाथ


नाशिक
१४ डिसेंबर २०२५

ती. आजोबा,
साष्टांग नमस्कार.

पाठ मिळाला. आमच्या सातवीच्या बाई स्टाफरूममध्ये म्हणाल्या, ‘पेपर रक्तबंबाळ झालाय.’ मी म्हटलं, आमच्याकडे याला आशीर्वाद म्हणतात.

स्टारचं तुमचं म्हणणं मान्य. पण तुमची रिंग मला पटत नाही, कारण रिंगमध्ये संदेश फिरून पाठवणाऱ्याकडे परत येतो. मग कळतं की वाटेत सगळ्यांना मिळाला. तुमच्याकडे परत काय आलं? बाबांचं ‘झालं’. त्याचा अर्थ लडकूआजोबांना सांगून झालं एवढाच होता, असं बाबा आता म्हणतात. अकलोलीपर्यंत गेलं का, हे कुणीच विचारलं नाही.

मी सगळ्यांना फोन केले. लडकूआजोबा म्हणाले, ‘मी जाणार होतो गं, पन कळलं मितेश वज्रेश्वरीला देवीपुढं पत्रिका ठेवायला चाललाय. अकलोली काय, बाजूलाच हाय. पोरगा आत्याआजीकडं गेल्याशिवाय येतो का? मी गोडाऊनवर थांबलो, कंटेनर आलेला.’ मितेश म्हणतो, तो देवळातूनच परत फिरला, अकलोलीला गेलाच नाही.

पण आजोबा, एक गोष्ट तुम्ही कुणी बघितलीच नव्हती. मितेशने पत्रिका आपल्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली होती. आत्याआजीची नात दिशा त्या ग्रुपमध्ये आहे. तिच्या नावापुढे निळ्या खुणा आहेत. म्हणजे आत्याआजीला आवतण मिळालं होतं. मिळूनही त्या आल्या नाहीत. मग हे सात महिने आपण स्वतःला दोष का देतोय?

हे मी आता का उकरते, ते सांगते. आपल्या धाकटीची, मनालीची, हळद २१ फेब्रुवारीला आहे. तिने बाबांना सांगितलंय की आत्याआजी धवले म्हणणार नसतील तर ती हळदीला बसणार नाही. मितेशच्या वेळी लावलेल्या डीजेचा तिच्या कानात अजून आवाज येतो, असं म्हणते. बाबांना वाटतं, पोरगी हट्ट करतेय, लग्नाआधी विसरेल. मी तिला ओळखते. ती विसरणार नाही.

तुमची,
नेत्रा


पूर्णा
२० डिसेंबर २०२५

चि. नेत्रा हिस अनेक आशीर्वाद.

तू संगणक शिकवतेस आणि स्वतःचा पाठ वाचत नाहीस, याचा मला मनस्ताप होतो. पाचव्या पानावर तू बस रचना समजावली आहेस. एक लांब तार असते, तिला सगळे संगणक टांगलेले असतात. तारेवर टाकलेला संदेश प्रत्येकापर्यंत जातो, पण ज्याचा पत्ता त्यावर असेल तोच संगणक तो स्वीकारतो. बाकीचे त्याला पुढे जाऊ देतात.

मितेशने समूहावर लिहिले होते, ‘सर्वांना आग्रहाचे निमंत्रण.’ ते मनालीच्या दूरध्वनीवर मी स्वतः पाहिले. ‘निमंत्रण’ शब्दात दुसऱ्या वेलांटीचा दोषही होता, परंतु तो सोडून देतो. त्या संदेशावर ठकुताईचा पत्ता कोठे होता? सोसायटीतल्या पाण्याच्या टाकीची सूचना, कुणाच्या वाढदिवसाचा केक आणि पत्रिका, सगळे एकाच तारेवर. ताईने तो संदेश पाहिला आणि पुढे जाऊ दिला. कोणत्याही नीट चालणाऱ्या संगणकाने हेच केले असते. निळ्या खुणा म्हणजे संदेश पोहोचला, असा त्यांचा अर्थ आहे. आवतण पोहोचले, असा नाही. माहेरवाशिणीला आवतण पोहोचते ते मुराळी दारात उभा राहतो तेव्हा.

लडकू परवा येथे आला होता. म्हणाला, ‘दादा, तुझी नात पोलिसासारखी विचारते.’ मी म्हटले, तिने विचारावे म्हणूनच तिला शिकवले. मग विचारले की, मितेश जाईल हे तुला मितेशने सांगितले काय? तो म्हणाला, ‘सांगायला कशाला पायजे, ते समजतंच.’ या समजण्याने घराचे वाटोळे केले आहे.

तू सुचवू नयेस म्हणून आधीच लिहितो. मी स्वतः अकलोलीस जाणार नाही. मी मूळ घरचा कर्ता आहे. मुराळी धाकट्याने व्हावयाचे असते. ही रीत मी मोडणार नाही. आणि मनालीच्या हट्टाविषयी माझ्याशी कोणी बोललेले नव्हते, हेही नोंदवून ठेव.

केसरीनाथ


अकलोली
४ जानेवारी २०२६

केसरीनाथ,

दिशा लिहिते हाय. मना इचारते, आजी, शुद्ध लिहू का. मी म्हनले, मी बोलते तसंच लिव. त्याला वाचताना तरास झाला पायजे.

तुझ्या नेत्रानं दिशाला धडा धाडला, तिची परीक्षा हाय म्हनून. दिशानं मना तो वाचून दाखवला. त्यात मी लांबचा संगणक हाय नि माझी वायर तुटलेली हाय. माझी वायर कवा तुटली रे? मी जिथं होते तिथंच बसलेली हाय. तुटली आसंल तर तुझ्याकडून तुटली.

आता ऐक. मे महिन्यात मी पिशवी भरून ओटीवर बसलेली. लडकू येनार म्हनून. कुनी बोललं न्हाय, पन दरखेपी तोच येतो. लडकू न्हाय आला. मितेश आला. माझ्याकडं न्हाय, कुंडावर. चार पोरं संगती, डोक्यावर टॉवेल. गरम पान्यात आंघोळी केल्या नि भजी खाल्ली. मी समोरच्या दुकानात मीठ घ्यायला गेलेली. त्यानं मना बघितलं. मान खाली घातली नि गाडीत जाऊन बसला. देवीला पत्रिका मिळाली, कुंडाला पोरगा मिळाला, मना गाडीची धूळ मिळाली.

हे मी कुनाला बोलले न्हाय. दिशालाबी आज कळलं. आता मनालीची हळद हाय म्हनं. मोबाइलवर आवतण येईल. मग मोबाइललाच धवले बोलायला सांगा.

ठकु

(ता. क. मी दिशा. केसरीनाथ आजोबा, नेत्राताईच्या पाठात रिंगच्या आकृतीत बाण दोन्ही बाजूंना दाखवलेत, पण खाली लिहिलंय की संदेश एकाच दिशेने जातो. हे तिला सांगा. आजीने हे पत्र रागावून सांगितलं पण मध्येच दोनदा थांबली होती.)


पूर्णा
९ जानेवारी २०२६

चि. नेत्रा,

ठकुताईचे पत्र सोबत जोडतो. प्रत काढून मूळ परत पाठव.

मी तपासून देण्यापूर्वीच तू पाठ बाहेर कसा पाठवलास? हस्तलिखित आणि प्रसिद्ध पुस्तक यांत काही अंतर असते की नाही? माझी बहीण आता स्वतःला तुटलेली तार समजते आहे. तीही एका आकृतीमुळे, जिच्यातले बाण एका आठवीच्या मुलीने चुकीचे ठरवले. ती मुलगी बरोबर आहे. बाण दुरुस्त कर.

तुझ्या भावाने तुला सांगितले की तो अकलोलीस गेलाच नाही. पत्र वाच आणि त्याला पुन्हा विचार. मी विचारले असते, परंतु तो सध्या माझ्यासमोर जेवायलाही बसत नाही. भिवंडीत डबा घेतो म्हणे.

मनालीने काल हळदीचे पातळ आणायला जाण्यास नकार दिला. तुझ्या आईने मला मध्यस्थी करण्यास सांगितले. मी कोणाकोणात मध्यस्थी करू?

केसरीनाथ


नाशिक
१८ जानेवारी २०२६

ती. आजोबा,
साष्टांग नमस्कार.

आत्याआजींचं पत्र मी स्टाफरूममध्ये वाचायला घेतलं आणि बाहेर जाऊन पूर्ण केलं.

मितेशला विचारलं. आधी म्हणाला, आठवत नाही. मग मी भजीचं विचारलं. मग सगळं बोलला. त्याने जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते: ‘ताई, मी आत्याआजीला बघितलं. पण मी रिकाम्या हाताने होतो, केस ओले, मित्र बरोबर. आणि मुराळी तर लडकूआजोबा. त्यांच्या आधी मीच जाऊन आवतण दिलं असतं तर त्यांचा मान गेला असता. वाटलं, दोन दिवसांनी ते येतीलच. मग नंतर तोंड कसं दाखवू?’

म्हणजे बघा. लडकूआजोबा गेले नाहीत, कारण मितेश जाईल असं समजलं. मितेश गेला नाही, कारण लडकूआजोबांचा मान राखायचा होता. बाबांनी विचारलं नाही, कारण त्यांना ‘झालं’ वाटलं. कुणीही आत्याआजीला टाळायचं म्हणून टाळलं नाही. सगळे एकमेकांचा मान सांभाळत बसले. तो मान जिला द्यायचा, ती ओटीवर एकटी होती.

आता मी ठरवलंय. यावेळी मेश रचना वापरायची. मेशमध्ये प्रत्येक संगणक प्रत्येकाला थेट जोडलेला असतो. एक मार्ग तुटला तरी दुसरा असतो, म्हणून संदेश अडकतच नाही. बँकांमध्ये, जिथं चूक परवडत नाही तिथं अशी जोडणी ठेवतात. मी २६ जानेवारीच्या सुट्टीला येते तेव्हा अकलोलीला जाईन. बाबा जातील. लडकूआजोबा जातील. मितेश नारळ घेऊन माफी मागायला जाईल. कुणावरही अवलंबून राहायचं नाही.

तुम्ही फक्त कुणाला रागावू नका.

नेत्रा

(बाण दुरुस्त केले. दिशाला सांगा, तिला पुढच्या वर्षी माझ्या वर्गात घेईन.)


पूर्णा
८ फेब्रुवारी २०२६

चि. नेत्रा हिस अनेक आशीर्वाद.

तुझ्या मेश रचनेचा निकाल कळवतो. तू सुट्टीत जाऊन आलीस ते तुला ठाऊकच आहे. चहा मिळाला, उत्तर मिळाले नाही. तुझ्यानंतर जीवन गेला, मग मितेश आपल्या बायकोला घेऊन गेला, शेवटी लडकू गेला. प्रत्येकाने नारळ नेला. चारही नारळ ठकुताईने ओटीवर ओळीने मांडून ठेवले आहेत. शेजारच्या बायका बघायला येतात, असे मितेश सांगत होता. मितेशला तिने भजी खाऊ घातली आणि एक शब्द बोलली नाही. तो येताना गाडीत रडला, असे त्याच्या बायकोने सांगितले.

मेश रचनेला तारा फार लागतात आणि खर्च फार होतो, हे तूच सहाव्या पानावर लिहिले आहेस. ते तेवढे खरे ठरले.

लडकूला मात्र ती बोलली. लडकूचे शब्द असे: ‘तायनं इचारलं, नारळ चार आले, तुमाला धाडलं कुनी? मी म्हनालो, मी तुझा भाव हाय, मीच आलो. ती म्हनाली, तू आलास रे, तू येतोसच. ज्याच्या घरची हळद, त्याला तोंड न्हाय का?’

लडकूने हे सांगितले आणि माझ्याकडे पाहत राहिला. मी त्याला विचारले की, गोडाऊनवर कंटेनर नाही काय आज? तो उठून गेला.

मनाली आज सकाळी माझ्यासमोर येऊन बसली. माझ्या चष्म्याच्या काचा पुसून दिल्या आणि उठली. या मुलीला बोलून भांडता येत नाही, याचा मला सर्वांत जास्त त्रास होतो.

तुझा पाठ काल पुन्हा वाचला. बस, स्टार, रिंग, मेश, झाडासारखी फांद्यांची रचना, सर्व आहे. परंतु सर्वांत साधी रचना तू दिलेलीच नाहीस. पहिल्या पानावर ती असावयास हवी होती. सविस्तर नंतर लिहीन. उद्या लवकर उठावयाचे आहे.

केसरीनाथ


पूर्णा
२६ फेब्रुवारी २०२६

चि. नेत्रा हिस अनेक आशीर्वाद.

लग्नाहून नाशिकला पोहोचताच तू चौथे पान नव्याने लिहून पाठवलेस, ही तत्परता चांगली. परंतु हकीकत पुन्हा चुकीची आहे. कदाचित आधीपेक्षा अधिक.

तू लिहितेस, ‘शेवटी आजोबांना पश्चात्ताप झाला आणि हळदीच्या आदल्या दिवशी ते बहिणीला आणायला धावले. त्यांनी रीत मोडली. आजींनी लगबगीने पिशवी भरली आणि दोघे गाडीतून निघाले.’

या तीन वाक्यांत एकही विधान बरोबर नाही. पश्चात्ताप कोठून आला? मी एक चूक दुरुस्त केली, एवढेच झाले. धावलो नाही. या वयात कोणी धावत नाही. जीवनची गाडी मी नाकारली. गाडी नेली असती तर चालक बरोबर आला असता आणि मध्ये पुन्हा एक माणूस आला असता. भिवंडीच्या स्थानकावरून वज्रेश्वरीची एस.टी. मिळते, तिने गेलो. रीतही मोडली नाही. धाकट्याने मुराळी व्हावे, अशी रीत आहे आणि मी ठकुताईहून धाकटा आहे. हे माझ्या लक्षात आले नव्हते, कारण कोणी आणून दिले नव्हते.

आता ती राहिलेली रचना. दोन संगणक घ्यावेत आणि त्यांच्यामध्ये एक तार ओढावी. मधले यंत्र नाही, शेजारी नाही, समूह नाही. पाठवणारा एक आणि घेणारा एक. संदेश पोहोचला नाही तर कोणाचे चुकले हे शोधण्यासाठी फोन करावे लागत नाहीत. तिचे इंग्रजी नाव दिशाने मला सांगितले, पॉइंट-टू-पॉइंट. मुलांना हीच प्रथम शिकव. बाकीच्या सर्व रचना हिच्यापासूनच होतात.

ताई ओटीवर बसली होती. मी नारळ नेला नव्हता, कारण चार होतेच. मला पाहून म्हणाली, ‘काय रे, वाट चुकलास?’ मी म्हटले, ‘नाही. तुलाच न्यायला आलो आहे.’ तिने माझ्या पायांकडे पाहिले आणि म्हणाली, ‘एस.टी.नं आलास. या गुडघ्यानं?’ मग आत गेली. मी ओटीवर बसून राहिलो. दिशाने पाणी आणले आणि माझ्या शेजारी बसून रिंगची आकृती नव्याने काढून दाखवली. बाण बरोबर होते.

परतताना आम्ही रिक्षा केली. तिने रस्ताभर मला शिव्या दिल्या. त्या शुद्धलेखनाच्या दृष्टीने तपासण्याजोग्या नव्हत्या.

तुझ्या पाठासाठी तारखा खाली दुरुस्त करून देतो. यांत पुन्हा बदल करू नये.

२७ एप्रिल २०२५. मितेश वज्रेश्वरीस पत्रिका ठेवण्यास गेला तो दिवस. तू ‘मे’ लिहिले आहेस. ठकुताईच्या पत्रातही ‘मे’ आहे. तिलाही सांगितले. तिने मान्य केलेले नाही.

३ मे २०२५. मितेशची हळद. ४ मे नव्हे, तो लग्नाचा दिवस. हे मी दुसऱ्यांदा लिहितो.

२५ जानेवारी ते ५ फेब्रुवारी २०२६. चार नारळ या काळात अकलोलीस गेले. तुझ्या पाठात चारही एकाच रविवारी गेले आहेत. तुझा स्वतःचा नारळ २५ तारखेचा, हे तरी तुला लक्षात असावयास हवे होते.

९ फेब्रुवारी २०२६. मी अकलोलीस गेलो. हळदीच्या आदल्या दिवशी नव्हे. हकीकत रंगावी म्हणून तारीख पुढे ढकलू नये. त्या दिवसापासून लग्नापर्यंत ठकुताई येथेच होती आणि सगळ्यांना कामे सांगत होती.

२१ फेब्रुवारी २०२६. मनालीची हळद. हा दिनांक बरोबर आहे. मात्र ‘धवले रात्री सुरू झाले’ हे चुकीचे. दुपारी, मांडवाचा शेवटचा खांब उभा होण्याआधीच सुरू झाले. खांब धरणारा मितेश होता. ताईने त्याला धवल्यात घेतले, कुंडावरच्या आंघोळीसकट. मांडव हसला. तोही हसला.

ठकुताईची पिशवी. ती ‘लगबगीने भरली’, हे काढून टाक. मी गेलो तेव्हा ती भरलेलीच होती, आतल्या खुंटीवर. ती केव्हा भरली, हे मी रिक्षात विचारले. ताईने रस्त्याकडे पाहिले आणि सांगितले नाही. तेवढी तारीख कोरी ठेव.

तुझा आजोबा,
केसरीनाथ